उपवासाच्या ताटातले 'संपलेले' लोक

परवा एकादशीला आमच्याकडे नेहमीचं ताट होतं. साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचं कूट, बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची. शेजारी रताळ्याचा गोड कीस आणि फळ म्हणून पपई. दहावीतली भाची आली होती. ती म्हणाली, "मामा, उपवासाला बटाटा चालतो, मग वांगं का नाही चालत?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "उपवासाला प्रश्न चालत नाहीत. खा गुपचूप."

पण मला राहवेना. म्हटलं, या ताटातली एकेक वस्तू बघ. साबुदाणा आपल्याकडे होतो तो टॅपिओकाच्या, म्हणजे कसावाच्या कंदापासून. शेंगदाणा, मिरची, बटाटा, रताळं, पपई. कोलंबसाच्या आधी यातलं काहीही आपल्या देशात नव्हतं. सगळं अमेरिकेच्या बाजूनं आलं, बरंचसं पोर्तुगीजांच्या जहाजांतून. आपल्या जुन्या लोकांनी उपवासाला काय वर्ज्य ते ठरवलं, तेव्हा त्यांनी बटाटा पाहिलाच नव्हता. मग 'चालत नाही' असं कसं म्हणतील? वांगं बिचारं इथलंच, म्हणून ते सापडलं. हा आपला माझा अंदाज, शास्त्र नाही.

भाची हसली आणि विषय तिथं संपला. माझ्या डोक्यात मात्र तो संपला नाही. कारण 'बटाटा' हा शब्दच मुळात कुणाचा, हे मला ठाऊक होतं, आणि त्या लोकांबद्दल गेले काही महिने मी वाचतोय. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, सवडीनं वाचा.

हिंदीवाले आलू म्हणतात. आपण, कोकणी आणि गुजराती लोक बटाटा म्हणतो. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्यांच्या भाषेत तो आला कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांच्या भाषेतून. गंमत म्हणजे तायनोंचा 'बटाटा' म्हणजे आपलं रताळं. युरोपात जाता जाता नावांची अदलाबदल झाली. तंबाखू हा शब्दही बहुतेक अभ्यासक त्यांच्याकडेच नेऊन सोडतात. जुन्या घरांतून खुंटीला टांगलेला 'हरिकेन' कंदील आठवतो? तो 'हरिकेन'सुद्धा वादळासाठीचा तायनो शब्द. आणि साबुदाण्याचा कसावा म्हणजे तर त्यांचं मुख्य अन्न. कडू कसावाच्या रसात विष असतं. तो कंद किसायचा, पिळून रस काढून टाकायचा आणि उरलेल्या चोथ्याची मोठ्या तव्यावर पातळ भाकरी भाजायची. त्यांच्या थोर देवाचं नाव युकाहू, आणि 'युका' म्हणजे कसावा. अन्न आणि देव एकाच नावाचे.

तर हे तायनो कोण? क्युबा, जमैका, हिस्पानिओला (आज ज्या बेटावर हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत ते), प्वेर्तो रिको आणि बहामा बेटं, एवढ्या टापूत राहणारे लोक. १२ ऑक्टोबर १४९२ ला कोलंबस किनाऱ्याला लागला तेव्हा समोर उभे होते ते हेच. त्यांची गावं होती, गावप्रमुख होते, त्यांना 'कासिके' म्हणत. देवांच्या लाकडी, दगडी, सुती मूर्ती होत्या, त्यांना 'सेमी' म्हणत. पुढं सोन्याच्या खाणी आल्या, वेठबिगार आली, उपासमार आली, आणि १५१८ च्या शेवटी देवी आल्या. मूळची लोकसंख्या किती याचे अंदाज एक लाखापासून कैक लाखांपर्यंत आहेत. पण १५१४ साली स्पॅनिश सरकारनं हिस्पानिओलातले लोक वसाहतवाल्यांना वाटून देण्यासाठी मोजले, तेव्हा २६,००० च्या आसपास भरले. म्हणजे २२ वर्षांत ही गत. पुढच्या तीसेक वर्षांत स्पॅनिश इतिहासकार पाचशेच्या खालचे आकडे लिहायला लागले.

आणि मग पुस्तकांत एक वाक्य रूढ झालं: तायनो संपले.

मला आज या 'संपले' शब्दाबद्दलच बोलायचंय. तो कुणी लिहिला, तो लिहिल्यानं काय काय सोपं झालं, आणि आजचे चित्रकार-शिल्पकार त्या शब्दाशी का भांडतायत.

एका गुहेपासून सुरुवात करू. साल १७९२. जमैका तेव्हा ब्रिटिशांचं. साखरेचं बेट. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या जिवावर उसाचे मळे चाललेले. कार्पेंटर्स माउंटन नावाच्या डोंगरावर जमीन मोजणारा एक सर्व्हेअर फिरत होता. त्याला एका गुहेत तीन लाकडी मूर्ती सापडल्या. काळ्याभोर, जड, टणक लाकडाच्या. एक पक्ष्याचं तोंड असलेला माणूस. दुसरा पुरुष उभा, आणि त्याच्या डोळ्यांपासून गालांवर ओघळ कोरलेले, जणू धार लागलीय. या मूर्ती लंडनला गेल्या. १७९९ साली तिथल्या विद्वानांच्या सभेत दाखवल्या गेल्या आणि पुढं ब्रिटिश म्युझियमच्या झाल्या. आजही तिथंच आहेत. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मी त्यांचे फोटो मोठे करकरून पाहिलेत. रडणाऱ्या मूर्तीच्या चेहऱ्यावर दुःख आहे असं मात्र म्हणवत नाही. दात आवळलेले आहेत, काहीतरी जोर लावून चाललंय असं वाटतं.

अभ्यासक म्हणतात हा बोइनायेल असावा, पाऊस देणारा. हे कशावरून? तर एका साधूच्या वहीवरून.

रामोन पाने नावाचा एक कॅटलान साधू कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत हिस्पानिओलाला गेला. कोलंबसानं त्याला सांगितलं, या लोकांत राहा, त्यांची भाषा शीक, त्यांच्या देवाधर्माचं काय आहे ते लिहून आण. तो काही वर्षं राहिला आणि १४९८ च्या सुमारास त्यानं एक छोटं टिपण केलं. अमेरिका खंडात युरोपीय भाषेत लिहिलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. माणूस अर्थातच धर्मांतर करायला आलेला, त्याला हे सगळं अज्ञानच वाटायचं. पण एका गोष्टीसाठी मला तो आवडतो. तो सरळ कबूल करतो की मी घाईत लिहिलं, पुरेसा कागद नव्हता, त्यामुळे आधीचं नंतर आणि नंतरचं आधी झालं असेल. आपल्याकडच्या किती इतिहासकारांनी असं कबूल केलंय, सांगा बरं?

त्या टिपणात काय काय आहे! माणसं एका डोंगरातल्या गुहेतून बाहेर आली. गुहेच्या तोंडाशी राखणीला बसलेला एकजण वेळेत परतला नाही, म्हणून सूर्यानं त्याला धरलं आणि त्याचा दगड झाला. याया नावाच्या बापानं आपल्या मुलाला मारलं, त्याची हाडं एका भोपळ्यात ठेवून भोपळा घरात टांगला. हाडांचे मासे झाले. चार जुळे भाऊ चोरून मासे खायला आले, गडबडीत भोपळा खाली पडून फुटला आणि जे पाणी वाहिलं त्याचा समुद्र झाला. मेलेली माणसं रात्री फिरतात, पेरू खातात आणि जिवंतांत मिसळतात. ओळखायचं कसं? पोटाला हात लावून बघायचं. मेलेल्याला बेंबी नसते. आणि एका गुहेत दोन सेमी होते, बोइनायेल आणि मारोहू. त्यांच्या अंगाला घाम यायचा. पाऊस लांबला की लोक त्यांच्याकडे जायचे. पाऊस लांबला की धोंडी काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हे काही वेगळं सांगायला नको.

आता या वहीचा प्रवास बघा. पानेचं मूळ लिखाण हरवलं. कोलंबसाच्या मुलानं बापाच्या चरित्रात ते घातलं होतं, तेही मूळ स्पॅनिशमध्ये राहिलं नाही. उरलं ते १५७१ चं इटालियन भाषांतर. त्यावरून विसाव्या शतकात होसे हुआन आरोम या क्युबन अभ्यासकानं पुन्हा स्पॅनिश पाठ उभा केला, तो १९७४ साली आला. म्हणजे तायनो बोलले, ते एका परक्या साधूला जेवढं कळलं तेवढं त्यानं लिहिलं, मग भाषांतर, मग त्याचं उलट भाषांतर. नावंसुद्धा वाटेत किती मोडली असतील देव जाणे. तायनोंच्या पुराणातलं आज जे हाताशी आहे त्यातलं बहुतेक सगळं या एवढ्याशा नळीतून आलंय.

याच आरोमची तायनो पुराणांवरची पुस्तकं एका तरुण बाईनं वाचली.

आना मेंदिएता. जन्म हवाना, १९४८. क्रांतीनंतर क्युबातल्या अनेक घाबरलेल्या आईबापांनी आपली मुलं एकटीच अमेरिकेला पाठवली. १९६० ते ६२ या काळात अशी चौदा हजारांवर मुलं गेली. त्यात बारा वर्षांची आना आणि तिची बहीण होती. आयोवातल्या अनाथाश्रमांत, परक्या घरांत ती वाढली. पुढं कलाकार झाली. चिखलात, गवतात, वाळूत स्वतःच्या देहाचा आकार उमटवायचा आणि फोटो काढून ठेवायचा, असं तिचं काम. लहानपणीच मातीपासून तोडलं गेल्याची जखम आपल्या कामाच्या मुळाशी आहे, असं ती पुन्हा पुन्हा सांगायची.

१९८० साली ती पहिल्यांदा परत क्युबात गेली. १९८१ मध्ये हवानाजवळच्या हारुकोच्या डोंगरात तिनं चुनखडीच्या कातळावर बाईचे आकार कोरले आणि रंगवले. एकेकीला तायनो पुराणातलं नाव दिलं. वादळाची ग्वाबानसेक्स. त्या चार जुळ्या भावांची आई इतिबा काहुबाबा. तपशील फारसा नाही त्यात, नाकडोळे नाहीत. कातळात आधीच असलेली भेग, फुगवटा, पोकळी बघून तिथं थोडं कोरलंय. आधीच तिथं असलेल्या कुणाला तरी वाट करून दिल्यासारखं.

यावर कुणी म्हणेल, अहो पण ही बाई काही तायनो नव्हती. गोऱ्या, सुखवस्तू क्युबन घरातली. चार पुस्तकं वाचून देव्या कोरल्या, त्यात काय? प्रश्न रास्त आहे. मीही तो बरेच दिवस मनात घोळवला. पण मग वाटलं, तिनं कुठं म्हटलंय की ही प्राचीन शिल्पं आहेत? तिनं म्हटलं एवढंच की ज्यांची मंदिरं नाहीत, ज्यांची पोथी परक्यानं लिहिली आणि तीही हरवली, त्यांची नावं मी या कातळावर पुन्हा घेते, त्यांच्याच बेटावर. हे संशोधन नव्हे, पण नाव घेणं आहे. आणि कुणाचं नाव पुन्हा घेणं ही लहान गोष्ट नसते, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? ज्यांची नावं गावाच्या दप्तरात कधी नीट लागलीच नाहीत, अशी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत.

मेंदिएता १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये चौतिसाव्या मजल्यावरून पडून गेली. अवघी छत्तीस वर्षांची. नवऱ्यावर खुनाचा खटला चालला, तो निर्दोष सुटला. हारुकोचे ते कातळ ऊनपावसानं झिजत गेले. आज ते काम आपण पाहतो ते बहुतांशी तिनंच काढलेल्या कृष्णधवल फोटोंत.

आता जरा दक्षिणेला, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या गयानात जाऊ. कारण इथं गोष्ट वेगळी आहे. बेटांवर मूळ लोक 'संपले' असं लिहिलं गेलं, गयानात तसं लिहायची सोयच नव्हती. तिथं वाराऊ, अरावाक, कॅरिब असे आदिवासी समाज आजही आहेत, लोकसंख्येच्या दहाएक टक्के. कॅरिबियन जग म्हणजे फक्त बेटं असं आपल्याला वाटतं, पण गयानाही त्याच जगातलं.

ऑब्री विल्यम्स जॉर्जटाऊनचा, जन्म १९२६. आफ्रिकी वंशाच्या मध्यमवर्गीय घरातला मुलगा. शेतकी खात्यात नोकरीला लागला. उसाच्या पट्ट्यात काम करताना हा छोट्या ऊस शेतकऱ्यांच्या बाजूनं बोलायचा, मळेवाल्यांशी वाजायचं. मग त्याला दूर वायव्येच्या जंगलात वाराऊ लोकांच्या भागात धाडलं. (अडचणीच्या अधिकाऱ्याची बदली आदिवासी भागात करायची, ही रीत फक्त आपल्याकडचीच नाही तर!) दोनेक वर्षं तो तिथं राहिला. पुढं तो सांगायचा की चित्र म्हणजे काय, रंग आणि आकार म्हणजे काय, हे मला वाराऊंच्या बोलण्यातून उमगलं. १९५२ साली तो लंडनला गेला आणि चित्रकार झाला. १९६६ मध्ये लंडनमधल्या कॅरिबियन लेखक-कलावंतांची जी चळवळ सुरू झाली, तिच्यात तो पहिल्यापासून होता. सुरुवातीला तिथं त्याचं कौतुक झालं, मग बरीच वर्षं तिथल्या समीक्षकांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याच्या चित्रांत जंगल, आग, हाडं असल्यासारखे आकार येतात, आणि मधूनच गयानातल्या खडकांवर कोरलेल्या प्राचीन खुणा. तिथं त्यांना 'तिमेहरी' म्हणतात. पुढं ऐंशीच्या दशकात त्यानं मेक्सिकोच्या ओल्मेक आणि माया संस्कृतींवर मोठी चित्रमालिका केली. ते लोक ज्या चुकांनी कोसळले त्याच चुका आपणही करतोय, ही भीती तिच्यामागं होती.

पण मला सांगायचंय ते विमानतळाचं. गयाना १९६६ साली स्वतंत्र झालं. त्यानंतर तिथल्या मुख्य विमानतळाला नाव दिलं तिमेहरी. १९७० साली ऑब्री विल्यम्सनं तिथं भित्तिचित्रं केली. कल्पना करा, गयानाची जवळपास ४० टक्के वस्ती भारतीय वंशाची आहे. १८३८ पासून उसाच्या मळ्यांवर करार करून नेलेल्या, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातल्या मजुरांची नातवंडं-पतवंडं. ती, आफ्रिकी गुलामांची पतवंडं, चिनी, पोर्तुगीज, सगळे परदेशी जायला विमानात बसणार ते एका आदिवासी शब्दाखालून. जणू देश सांगतोय, आपण सगळे इथं आणले गेलो, पण आपल्या आधी इथं कुणीतरी होतं आणि आहे. १९९७ मध्ये विमानतळाचं नाव बदलून छेदी जगन असं झालं. छेदी जगन म्हणजे ऊसमळ्यातल्या भारतीय मजुराचा मुलगा, पुढं देशाचा राष्ट्राध्यक्ष. मोठा माणूस, नाव द्यावं असाच. तरीपण खडकावरच्या खुणांचं नाव पाटीवरून गेलं, याची हळहळ वाटतेच. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. परिसराचं नाव मात्र अजून तिमेहरीच आहे.

आता इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, छान आहे, विसरलेल्यांची आठवण काढावी, त्यात वाईट काय? म्हणून या गोष्टीची काळी बाजूही सांगतो. ती सांगितली नाही तर ही पोस्ट अर्धवट राहील.

डॉमिनिकन प्रजासत्ताकात एकोणिसाव्या शतकापासून तायनोंचं कौतुक सुरू झालं. एनरिकियो नावाच्या तायनो बंडखोर कासिकेवरची कादंबरी १८८२ साली पूर्ण झाली आणि पुढं ती राष्ट्रीय कादंबरी ठरली. बंड खरं, १५१९ ते १५३३ चाललेलं, माणूसही खराखुरा शूर. पण त्या कौतुकाचा पुढं उपयोग कशाला झाला? हुकूमशहा त्रुहियोच्या राजवटीत (१९३० ते १९६१) सावळ्या-काळ्या डॉमिनिकन माणसाच्या ओळखपत्रावर रंग म्हणून लिहायचे 'इंडिओ'. म्हणजे काय, तर तुझा रंग आफ्रिकेतून आलेला नाही, तायनोंकडून आलाय. आफ्रिकी ते शेजारचे हैतीवाले. आपण नव्हे. आणि याच राजवटीत १९३७ साली सरहद्दीवर हैतीच्या हजारो माणसांची कत्तल झाली.

बघा हां. ज्यांना आधीच 'संपले' म्हणून लिहून टाकलं, त्यांचंच नाव पुढं करून दुसऱ्यांना परकं ठरवलं. मेलेल्यांचं एक सोयीचं असतं, ते उठून 'आमचं नाव यासाठी वापरू नका' असं म्हणत नाहीत.

म्हणूनच फिरेलेई बाएझचं काम मला महत्त्वाचं वाटतं. ही चित्रकार १९८१ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकात जन्मली, आई डॉमिनिकन आणि वडील हैतीच्या वंशाचे. म्हणजे ज्या सरहद्दीवर कत्तल झाली ती सरहद्द तिच्या घरातूनच जाते. आता ती अमेरिकेत असते. तिच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येते ती सिग्वापा. डोंगरात राहणारी, लांब केसांची, रात्री बाहेर पडणारी बाई, आणि तिची पावलं उलटी! हो, उलटी. आपल्याकडच्या हडळीची असतात तशीच. त्यामुळे तिचा माग काढायला जाल तर ती जिथून आली तिथं पोचाल, ती जिकडे गेली तिकडे कधीच नाही.

सिग्वापा तायनोंची, असं तिथं सर्रास सांगतात. पण पानेच्या वहीत ती नाही. लिखाणात ती ठळकपणे दिसते ती १८६६ च्या एका कथेत. मग ती कुणाची? तायनोंची, आफ्रिकेतून आलेल्यांची, की कुणा लेखकाच्या डोक्यातली? बाएझ या भानगडीत पडत नाही. ती वसाहतकाळातले जुने नकाशे, इमारतींचे आराखडे, पुस्तकांची पानं यांच्या मोठ्या प्रती घेते आणि त्यांच्यावर सिग्वापा रंगवते. पिसं, पानं, केस, झगमगते रंग. खालची सरळ रेघांची मोजणी, मालकी, सरहद्द धूसर होते, पण पुसली जात नाही. तिची सिग्वापा एका वंशाची राहतच नाही. 'इंडिओ'च्या रकान्यात तिला बसवता येणार नाही आणि बाहेरही काढता येणार नाही.

तर माझ्यापुरता मी एक निकष काढलाय. जुन्या लोकांची आठवण काढणारं चित्र असो, पुतळा असो की कादंबरी, त्यानं कुणाला आत घेतलं आणि कुणाला बाहेर काढलं ते बघायचं. त्रुहियोच्या कारकुनानं आणि बाएझनं आठवण काढली ती त्याच बेटाच्या भूतकाळाची. पण एकानं दार लावलं, दुसरीनं उघडलं.

आणि आता मूळ प्रश्नाकडे. तायनो खरंच संपले का?

माणसं भयंकर संख्येनं मेली, यात शंका नाही. पण सगळी नाही. डोंगरात पळाली, गुलामगिरीतून पळून आलेल्या आफ्रिकी लोकांत मिसळली, कित्येक बायका स्पॅनिश घरांत गेल्या, बहुतेकदा जबरदस्तीनं. प्वेर्तो रिकोत अठराव्या शतकाच्या अखेरीस जनगणनेत 'इंडिओ' असा रकाना होता आणि त्यात माणसंही होती. पुढं तो रकानाच काढून टाकला. माणसं तिथंच होती, रकाना गेला. विसाव्या-एकविसाव्या शतकात प्वेर्तो रिकोतल्या लोकांची आईकडून येणारी जनुकं तपासली, तर सुमारे ६० टक्के लोकांत ती मूळ अमेरिकी निघाली. २०१८ साली बहामातल्या एका गुहेत सापडलेल्या हजारएक वर्षांपूर्वीच्या बाईच्या दातातून पूर्ण जनुकक्रम काढला, आणि तिचे लोक आजच्या प्वेर्तो रिकोवाल्यांचे पूर्वज असल्याचं दिसलं. जमैकातही स्वतःला तायनो म्हणवणारे लोक पुढं येऊन बोलतायत. तिथल्या राजचिन्हावर सतराव्या शतकापासून ढालीच्या दोन बाजूंना एक तायनो बाई आणि एक तायनो पुरुष उभे आहेत. जमिनीवरून घालवलं, शिक्क्यावर घेतलं. आणि कसावाची ती भाकरी? ती कधी थांबलीच नाही. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोनं क्युबा, डॉमिनिकन प्रजासत्ताक, हैती, होंडुरास आणि व्हेनेझुएलाचा हा वारसा आपल्या यादीत घेतला.

मग 'संपले' लिहून कुणाचं काय साधलं? आपल्याला हे समजायला परदेशी पुस्तकं लागत नाहीत. सातबाऱ्यावरून नाव उडालं की जमिनीचं काय होतं ते आपण बघतोच. वारस नाही म्हटलं की वस्तू बेवारस, आणि बेवारस वस्तू ज्याच्या हाती लागेल त्याची. १७९२ साली गुहेतल्या मूर्ती उचलताना कुणाला विचारायचा प्रश्नच आला नाही, कारण विचारायला कुणी उरलंच नाही असं आधीच ठरलेलं होतं. २०१९ साली जमैकाच्या सांस्कृतिक मंत्री ऑलिव्हिया ग्रेंज यांनी पक्षीमानव आणि पाऊस देणारा आम्हाला परत द्या, अशी उघड मागणी केली. ब्रिटिश म्युझियमचा १९६३ चा कायदा असा आहे की संग्रहातली वस्तू काही मोजके अपवाद सोडता कायमची देऊन टाकता येत नाही. पार्लमेंटनं कायदा केला आणि पार्लमेंटच तो बदलू शकतं. तोवर बोइनायेल लंडनमध्ये, जिथं पावसाची तशीही कधी टंचाई नसते.

माझं मत सरळ आहे. त्या मूर्ती परत जाव्यात. तिथंही त्या संग्रहालयातच राहतील, पुन्हा गुहेत कुणी ठेवणार नाही. पण किंग्स्टनच्या शाळेतल्या पोरांना त्या बघायला व्हिसा काढावा लागणार नाही. आणि ज्या चित्रकारांना इतकी वर्षं पुस्तकांतले फोटो बघून, भाषांतराचं भाषांतर वाचून आपले पूर्वज घडवावे लागले, त्यांना निदान समोर उभं राहून त्या गालावरचे ओघळ बघता येतील.

हे सगळं मी भाचीला सांगितलं नाही. तिची बारावीनंतरची चिंता वेगळी आहे. फक्त जाताना तिला म्हटलं, "पुढच्या एकादशीला पानात रताळं आलं की त्याला बटाटा म्हणून बघ. ते त्याचं खरं नाव आहे."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहीही शिकवू नकोस तिला."

तुमच्या घरात उपवासाला काय काय करतात ते खाली लिहा. त्यातलं इथलं किती आणि समुद्रापलीकडचं किती, आपण बसून मोजू.